चांदण्यातला ‘च’

छत्रीबाग, इंदूर
९ फेब्रुवारी १९९७

चि. कीर्ती,

जय भीम. आधी एक सांग, बाकीचं नंतर. कॅसेटवर गातंय कोण?

तू मुंबईहून पाठवलेली प्रत यायची वाट बघवेना, म्हणून मल्हारगंजातल्या दुकानातून विकत आणली. ही माझी मुलगी आहे असं दुकानदाराला सांगितलं नाही. ओळख सांगितली की लोक खरं बोलत नाहीत. त्यानं आपणहूनच ‘बहनजी, नई छोरी है, भोत मीठा गाती है’ म्हणत आणखी दोन कॅसेटी गळ्यात मारायला बघितल्या. कव्हरवर तू आहेस. निळी साडी, मोकळे केस, हनुवटीखाली हात. इथवर सगळं ठीक. घरी येऊन टेपमध्ये घातली, ‘चांदणं सांडलं दारात’ सुरू झालं आणि पहिल्याच शब्दाला मी टेप बंद केला.

तुझे बाबा म्हणाले, ‘अरे, बंद कायको केला? अपनी कीर्ती गाऊन राहिली ना!’

मी म्हटलं, ‘ही आपली कीर्ती नाही.’

‘अगं, कव्हरवर फोटो आहे ना तिचा!’

तुझ्या बाबांचं हे असं. उद्या कुणी गेटवर मालकाचा हसरा फोटो लावला तर मिल सुरू झाली म्हणून डबा घेऊन निघतील. पाच वर्षं होत आली मिलला कुलूप लागून, तरी रोज सकाळी गेटवर जाऊन बसतात. का, तर ‘क्या पता’. मला मात्र पहिल्यापासून पता होता.

तर तो च. तुला वेगळं सांगायला नको, पण मुद्दाम लिहून ठेवते. आपण इंदूरवाले ‘चांदणं’ म्हणताना ‘चाय’मधला च म्हणतो. पुण्यामुंबईचे लोक जीभ दाताला टेकवून म्हणतात. चोर, चांगला, चटणी, सगळीकडे त्यांचा तो दाताचा च. लिहायला अक्षर एकच, त्यामुळे कागदावर फरक कळत नाही, कानाला लगेच कळतो. या कॅसेटवर जी कोणी आहे तिचा च दाताचा आहे. अख्ख्या बाजूत एकदासुद्धा घसरलेला नाही. मग मी पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

मला उगाच संशय येतो असं म्हणू नकोस. दुधानं तोंड पोळलंय माझं. महूच्या जयंतीच्या स्टेजवर तू पहिल्यांदा गायलीस तेव्हा माइक तुझ्या कपाळाच्या वर येत होता. मग रेडिओ झाला, ऑर्केस्ट्रात ‘बेबी कीर्ती’ झाली, आणि दहाव्या वर्षी तो मराठी सिनेमा मिळाला. आपण सगळे नटूनथटून बघायला गेलो. पडद्यावर तू तोंड उघडलंस आणि आवाज आला दुसऱ्याच कुठल्या पोरीचा. गाण्यातही तीच. नंतर कळलं की तुझी मराठी ‘हिंदीसारखी लागते’ म्हणून त्यांनी पुण्याची मुलगी आणून तिच्याकडून सगळं म्हणून घेतलं होतं. आपल्याला विचारलंसुद्धा नाही. तू त्या अंधारात माझा पदर तोंडात धरून रडलीस. ते मी विसरणार नाही, आणि तूही विसरली नसशील.

तेव्हा आता सांग. त्यांनी पुन्हा तेच केलंय का?

ट्रंक एक्स्चेंजवर मी उमर काढली. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस महूचा की मंदसौरचा ते ओळखायची. आता गल्लोगल्ली एसटीडीचे डबे झाले, ट्रंक कॉल लावतो कोण? आम्हा जुन्या बायकांना १९७ वर बसवलंय, नंबर सांगायला, म्हणजे चौकशीला. तेव्हा चौकशी करणं ही माझी सरकारी नोकरी आहे. रागावू नकोस, उत्तर दे.

तुझी,
आई


२७ फेब्रुवारी १९९७

चि. कीर्ती,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. ‘आई, मीच गायले आहे. तू उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसू नकोस.’ एवढंच, आणि खाली शारदाताईंचा नमस्कार. त्यांच्या घरी राहतेस म्हणून काय झालं, आईला उत्तर देताना गाण्याच्या बाईंचा नमस्कार कशाला लागतो?

शिवाय पत्रात एकही चूक नाही. तुझी शाळा हिंदी. मराठी लिहायला तुला मी शिकवलं, पोळपाटावर पीठ पसरून. तुझ्या वेलांट्या मला पाठ आहेत, पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली. या पत्रात सगळ्या जिथल्या तिथे आहेत. अक्षर तुझंच आहे, ते मी मानते. मजकूर कुणी सांगितला?

म्हणूनच रविवारी फोनवर मी तुला ती म्हण म्हणायला लावली. तुला वाटलं आईला लहर आली. ‘म्हण, चोराच्या मनात चांदणं.’ तू हसलीस आणि म्हणालीस, दोन्ही च आपल्या ‘चाय’मधले. वर म्हणालीस, ‘क्या आई, तू बी ना! आता कोणावर शक करून राहिली?’ अगदी छत्रीबागेतल्या नळावर उभी असल्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा वर आला. कारण फोनवर माझी मुलगी आहे, मग कॅसेटवर ती नाही. दोन्ही खरं कसं असेल? माझ्या मुलीच्या तोंडात जीभ एकच आहे.

तुझ्या बाबांना हे समजावलं. ते म्हणाले, ‘यार कौसल्या, दाल में काला नी है, तू चष्मा लावून डाळ निवडून राहिली.’ पुरुषांना विनोद सुचायला काय लागतं.

आता मनातलं लिहिते. मला भीती वाटते की तुझा आवाज गेला आहे. लहानपणी ऑर्केस्ट्रावाल्यांनी तुला घसा बसेपर्यंत गायला लावलं. बारकी पोर मोठ्या बायकांची गाणी मोठ्या बायकांच्या पट्टीत गायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. अशा मुलींचे गळे वयात आल्यावर टिकत नाहीत असं इथले मास्तर म्हणायचे. तसं काही झालं असेल, शारदाताईंनी दुसरी शिष्या तुझ्या नावावर उभी केली असेल, आणि आईला कळू नये म्हणून तू गप्प असशील, तर मला सांग. आवाज गेला तरी तू माझी मुलगीच आहेस. पण दुसऱ्या बाईच्या गळ्यावर जगणं मी तुला करू देणार नाही. एकदा तुझं तोंड त्यांनी वापरलं तेव्हा तू लहान होतीस. आता एकोणीस वर्षांची आहेस.

आणि आडनाव कुठं गेलं? कव्हरवर नुसतं ‘कीर्ती आनंद’. बाबा खूश आहेत, ‘छोरीनं बापाचं नाव लावलं’ म्हणून गेटवर चार जणांना दाखवून आले. मला मात्र कळतं लोक आडनाव केव्हा गाळतात. तुझे आजोबा महूला पलटणीत हवालदार होते. दारावर ‘तायडे’ एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं होतं की टपालवाला हसायचा. हेही तुझंच डोकं, की कुणी सांगितलं?

तुझी,
आई


१६ मार्च १९९७

चि. कीर्ती,

जय भीम. पेपरचं कात्रण तुझ्यापर्यंत कुणी पोचवलं ते मला माहीत नाही. मी तरी नाही. ‘कैसेट में आवाज़ किसकी? माँ को ही शक’ हे शब्द माझे नाहीत. मथळा पेपरवाले देतात.

गोपीनाथ आला होता हे खरं. तुला आठवत असेल, बाबांच्याच खात्यात होता, लंगडत चालायचा. मिल बंद झाल्यावर संध्याकाळच्या पेपरात बातम्या द्यायला लागला. घरी आला, ‘भाभी, कीर्ती बिटिया पे लिखना है’ म्हणाला, पोहे खाल्ले. मी इतकंच म्हटलं की गाणी चांगली आहेत. त्यानं विचारलं, ‘घर में बी ऐसेई गाती थी?’ मी गप्प बसले. आता गप्प बसणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

बरं, अगदी गप्प नाही. घरी असा च नव्हता, एवढं म्हटलं.

मग तो विचारायला लागला की च म्हणजे काय. तो पडला हिंदीवाला, त्याला कसं कळणार? म्हणून टेप लावून दाखवावा लागला. तरी कळेना, म्हणून त्या सिनेमाची हकीकत सांगावी लागली. त्यानं वहीत काही लिहिलं नाही, म्हणून मी सांगत गेले. वही काढली असती तर एक शब्द बोलले नसते. लोक असेच असतात, लिहायचं असतं तेव्हा खात बसतात.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल म्हणाले, ‘तू तर घरचाच भोंगा निघाली.’ मी म्हटलं, निदान मी वाजले, तुमच्या मिलचा तर वाजतही नाही. असं बोलायला नको होतं. ते उठून बाहेर गेले.

पण कीर्ती, तूच विचार कर. मी खोटं काय सांगितलं? तू मला नीट उत्तर दिलं असतंस तर मी गोपीनाथला पोहे दिले असते आणि वाटेला लावलं असतं.

तुझी,
आई


३१ मार्च १९९७

चि. कीर्ती,

दोन रविवार गेले, तुझा फोन नाही. मी लावला तर शारदाताईंनी उचलला आणि ‘ती बाहेर गेलीये’ म्हणाल्या. मागे टीव्ही चालू होता, आणि तो कुणीतरी एकदम बारीक केला. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण टीव्ही बारीक करू नकोस. मला सगळं ऐकू येतं.

परवा तुझ्या त्या कृष्णरावांचा फोन आला. सिनेमा काढतायत म्हणे, त्यात तूच नायिका, गाणीही तूच म्हणणार, आणि जाहिरातीत हेच मोठं करून लिहायचं होतं की मुलगी स्वतः गाते. आता पैसा घालणारा माणूस बिचकलाय. ‘सख्खी आई म्हणते आवाज तिचा नाही, मग मी कशाला हात घालू?’ असं त्यानं विचारलं. कृष्णराव गोड बोलतात. फार गोड. म्हणाले, ‘आई, चार मेला इंदूरला मराठी समाजाच्या हॉलमध्ये कीर्तीचा कार्यक्रम ठेवतो. तुम्ही स्टेजवर या आणि सगळ्यांसमोर फक्त एवढंच म्हणा, हा आवाज माझ्या मुलीचा आहे. नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. मलाही वाईट वाटेल.’

मी विचारलं, ‘आणि तिनं नुसतं गाऊन दाखवलं तर?’ तर म्हणाले, ‘स्टेजवर टेप लावून ओठ हलवतात हे आता पोरासोरांना ठाऊक आहे. आईचा शब्द पाहिजे.’

म्हणजे बघ, या माणसालासुद्धा खात्रीचं असं माझंच तोंड सापडलं.

मी नाही म्हणून सांगितलंय. जो आवाज मला ओळखू येत नाही, तो माझ्या मुलीचा आहे असं मी माइकवर सांगणार नाही. तुझं नुकसान होईल हे मला कळतं. पाचव्या वर्षापासून तू जे केलंस ते सगळं माझ्या एका वाक्यावर येऊन अडकलंय, हेही कळतं. मला झोप नाही. पण खोटी साक्ष दिली आणि उद्या ती दुसरी मुलगी पुढं आली, तर तुला तोंड दाखवायला जागा राहील का?

बाबा म्हणतात, मुंबईला जा आणि बघून ये. मी कुठंही येणार नाही. ज्या घरात माझ्यासाठी टीव्ही बारीक होतो तिथं मी कशाला येऊ?

आई


१२ एप्रिल १९९७

चि. कीर्ती,

जय भीम. सुखरूप पोचले. अवंतिका एक्सप्रेसमध्ये शेजारी एक बाई होत्या, माझ्या बॅगेकडे सारखं बघत होत्या. मी ती उशाला घेतली. घरी येऊन बघितलं तर तू गुपचूप घातलेला चिवडा निघाला, बहुतेक त्याचाच वास त्यांना येत असावा.

न कळवता आले म्हणून तू दचकलीस. तुझं घर बघितलं, बरं आहे. शारदाताईंबद्दल माझं मत मी इतक्यात बदलणार नाही, पण त्यांनी वरण चांगलं केलं होतं. तू माझ्यासमोर तंबोरा घेऊन बसलीस आणि म्हणालीस, ‘ले आई, आता ऐक आणि सांग.’ मी म्हटलं, राहू दे. तुला वाटलं मला ऐकायचंच नाही. तसं समज हवं तर. जिन्यात मला जरा थांबावं लागलं होतं, तीन मजले चढून दम लागला होता. त्याआधीचं-नंतरचं काही विचारू नकोस.

कृष्णरावांना सांग, चार मेला मी येईन आणि म्हणायचं ते म्हणेन. कारण विचारू नकोस. त्यांनाही सांग की मला बोलायचं शिकवायला येऊ नका.

बाबांनी आत्तापासून कोट धुवायला टाकलाय.

तुझी,
आई


१२ मे १९९७

चि. कीर्ती,

जय भीम. कार्यक्रमानंतर तू शूटिंग म्हणून त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेलीस, त्यामुळे बोलणं झालं नाही. समोर तू असलीस की माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हणून लिहिते.

त्या दिवशी जिन्यात मी दम घ्यायला थांबले नव्हते. दम लागला होता, पण थांबले ते आतला आवाज ऐकून. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत एक मुलगी बोलत होती. ‘ताई, चटणी चांगली झालीये हो, पण माझा वाटा एवढासाच? जरा जास्त घाला ना.’ दाताचा च. कॅसेटवरचीच ती. मग ती हसली, आणि शारदाताई ‘चोरटी कुठली’ म्हणाल्या. मला वाटलं, सापडली. तुझ्या नावावर गाणारी मुलगी याच घरात राहते, यांची चटणी खाते, आणि माझ्या पोरीला यांनी कुठंतरी बाहेर पिटाळलंय. रंगेहाथ पकडायची म्हणून मी चप्पल हातात घेतली, वाजू नये म्हणून, आणि दार ढकललं.

आत दोघीच होत्या. शारदाताई, आणि डोक्याला तेल थापून, मांडीवर ताटली घेऊन बसलेली तू.

तू वर बघितलंस, आणि त्याच श्वासात म्हणालीस, ‘अरे आई! तू अचानक? बताया बी नी! मी स्टेशनवर लेने आली असती ना!’

एका श्वासात. मी चप्पल हातात घेऊन उभी, आणि तुझा च बदलला, सूर बदलला, मान हलवायची तऱ्हासुद्धा बदलली. शारदाताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी ते आधी पुष्कळदा बघितलं असणार.

दुपारी तू सामान आणायला खाली गेलीस तेव्हा त्यांनी मला सांगितलं. कौतुकानंच सांगितलं, कारण बाई सरळ आहेत, हे मला आता कबूल करावं लागतंय. म्हणाल्या, ‘त्या सिनेमाचं तिच्या मनाला फार लागलं होतं हो. आली तेव्हा रोज आरशापुढं उभी राहून च आणि ज घोकायची, शुद्धलेखनाच्या वह्या भरायची. आता झोपेतसुद्धा चुकत नाही.’ आणि पुढं म्हणाल्या, ‘पण तुमच्यासाठी जुनी बोली जपून ठेवलीये तिनं. रविवारी तुम्हाला फोन करायच्या आधी फोनजवळ जरा गप्प बसते, डोळे मिटून. विंगेत उभी राहते ना, तशी. मग नंबर फिरवते.’

त्या हे सांगत होत्या आणि मी वरण-भात खात होते. मी भात नुसता चिवडत राहिले, तर त्यांनी तूप वाढलं.

मी तुला म्हण म्हणायला लावली होती ना? माझ्या चौकशीला तू अगदी बरोबर उत्तर दिलंस. मी ज्या आवाजाला खरा म्हटलं तो तू माझ्यासाठी लावत होतीस, आणि ज्याला चोर म्हटलं तो तुझा होता. एवढी वर्षं कानाला यंत्र लावून बसले, हजारो माणसं आवाजावरून ओळखली, आणि घरातलीच ओळखली नाही.

संशय घेतला त्याबद्दल मी माफी मागणार नाही. त्या लोकांनी एकदा तुला फसवलं होतं, आई म्हणून मी परत पाहणारच. पण पेपरात गेलं ते वाईट झालं. ते हात दाखवून अवलक्षण होतं. गोपीनाथला पुन्हा पोहे मिळणार नाहीत.

चार तारखेला स्टेजवर तू बघितलंसच. गोपीनाथच पहिल्या रांगेतून ओरडला, ‘भाभी, साफ-साफ बोलो, आवाज बिटिया की है?’ मी माइक धरला आणि म्हटलं, ‘ही कीर्ती आनंदराव तायडे. माझी मुलगी. आवाज तिचाच आहे.’ टाळ्या पडल्या. कृष्णरावांनी डोळे पुसले, खरे की खोटे ते मला माहीत नाही. मग तू गायलीस आणि बाबा कोटाच्या बाहीत तोंड घालून रडले. मिलचे लोक आले होते ते सगळे रडले. गाणं फार चांगलं झालं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही म्हणून आता सांगते. अशी गाणारी मुलगी दुसऱ्या कुणाची असती तर मला तिचा हेवा वाटला असता.

पण खरं सांगू? मी विंगेत उभी होते आणि मला तू ओळखू आली नाहीस. डोळ्यांना पटत होतं, कानांना नाही. मी डोळे मिटले की तिथं एक परकी मुलगी गात होती. मला फार एकटं वाटलं, कीर्ती. माझं वाक्य खरं होतं, तरी मी ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून म्हटल्यासारखं मला वाटत राहिलं.

आणि काल रविवार. तुझा फोन आला. ‘आई, क्या चल रिया? बाबा गेटवर गेले का?’ तोच लाडिक, इंदोरी आवाज. पूर्वी तो ऐकला की माझा आठवडा निघायचा. काल मी नुसतं हो-नाही करत राहिले, आणि तुला वाटलं मी अजून चिडलेली आहे. चिडले नव्हते. मला तू दिसत होतीस, फोनजवळ डोळे मिटून गप्प बसलेली, माझी मुलगी व्हायची तयारी करताना.

हे तू मायेनं करतेस, ते मला कळतं. आईला तुटल्यासारखं वाटू नये म्हणून करतेस. पण लहानपणापासून तू लोकांना पाहिजे तशी बोलत आलीस, पाहिजे तशी गात आलीस. ऑर्केस्ट्रावाल्यांना मोठी बाई पाहिजे होती, सिनेमावाल्यांना मुकी पोर पाहिजे होती, आणि मला छत्रीबागेची बेबी कीर्ती पाहिजे होती. त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. पडद्यावर काम कर, स्टेजवर कर, ते तुझं पोट आहे. माझ्यापुढं काम करू नकोस.

पुढच्या रविवारी तुझ्या आवाजात बोल. मला लगेच ओळखू येणार नाही. मी विचारीन, ‘कोण बोलतंय?’ तेव्हा फोन ठेवू नकोस. नाव सांग.

तुझी,
आई